जातो म्हणायचं नाही

१९ ऑगस्ट १९९०, रविवार. खोबर, सौदी अरेबिया.

जगाच्या इतिहासात ही नोंद दुसरं कुणी करणार नाही, म्हणून मीच करतो. आजही कोपऱ्यावरच्या दुकानात लबन नाही. इराकने कुवेत गिळला, तेल भडकलं, अमेरिकेची विमानं डोक्यावरून उतरताहेत, सगळं मान्य. पण लबन हे इथलं ताक. एका मध्यमवयीन, निरुपद्रवी, आम्लपित्ताच्या माणसाचा दुपारचा भात त्याच्यावाचून घशात अडकतोय, याची दखल सुरक्षा परिषदेने अजून घेतलेली नाही.

दुकानदार सालेह, यमनी. हात वर करून म्हणाला, "रस्ता सगळा जैश." जैश म्हणजे फौज. हुफूफकडच्या रस्त्याला लष्करी ट्रकांची रांग आणि तिच्या शेपटाला दुधाची गाडी. अमेरिकेचं सैन्य आलं आणि माझं ताक गेलं.

सावंतांपाशी गाऱ्हाणं मांडलं. सावंत म्हणजे खोलीतले जोडीदार, एसी मेकॅनिक, कुडाळचे. म्हणाले, "देसायानू, हय लढाय लागाची येळ इली आनि तुमका ताक व्हया?"

व्हया.

२२ ऑगस्ट, बुधवार.

वॉल्टसाहेबांचं पत्र टाइप केलं. साहेब आमच्या कंपनीचे मॅनेजर. कंपनीचं काम धाहरानच्या कँपातल्या बंगल्यांचे एसी चालू ठेवणं. माझं काम साहेबांना चालू ठेवणं. हुद्दा सेक्रेटरी. ऑफिसच्या पत्रांपेक्षा त्यांची खाजगी पत्रंच जास्त असतात, नेब्रास्कातल्या गावच्या पेपरला, "संपादकांस". साठीचा माणूस, उंच, जरा वाकलेला, जवळजवळ दर आठवड्याला एक पत्र. पेपर छापतोही. तिकडे बातम्या कमी असाव्यात.

साहेब स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात. सावंतांनी अर्थ विचारला. म्हटलं, राजकारणातलं सोवळं.

"म्हंजे काय शिवाचा नाय?"

"सरकारला."

वॉ.चं म्हणणं मला पाठ आहे. सरकार लहान असावं. कर कमी. माणसाच्या खिशात, घरात, देवघरात त्याने डोकावू नये. खर्च आपल्या ऐपतीत करावा. आणि परक्यांच्या भांडणात पडू नये. आज या शेवटच्या कलमाशी आलो आणि खिडकीबाहेर एक अगडबंब विमान उतरलं. आवाज विरेपर्यंत डिक्टेशन थांबलं. मग साहेब म्हणाले, "नवा परिच्छेद, डेझ."

देसाईचं डेझ. पहिल्या दिवसापासून.

१० सप्टेंबर, सोमवार.

सालेहने एक बाटली लबन माझ्यासाठी लपवून ठेवली होती. ऑफिसात नेऊन त्याला जिरं-आलं लावलं. वॉ. पोट धरून बसले होते, त्यांनाही दिलं. आधी वास घेतला, मग सगळा पेला संपवला. नाव विचारलं. ताक. त्यांच्या तोंडात "टॉक". "उद्या थोडं टॉक होईल का, डेझ?" अमेरिकन माणसाला टॉकची कमतरता पडावी!

त्यांचा मुलगा टॉमी फौजेत आहे, ट्रक चालवतो. तोही इकडे आलाय, कुठल्याशा वाळवंटात. चार वर्षांचा करार डिसेंबरात संपतो. मग गावी जाऊन काकाच्या शेतीत पडणार. वॉ.नी हे सगळं पेपरवेट फिरवत सांगितलं, हवामान सांगावं तसं.

संध्याकाळी निघताना सवयीने म्हणालो, "सर, आय ॲम कमिंग."

"सहा वर्षं तू येतोयस, आणि दर वेळी मला तुझी पाठ दिसते. हे आहे तरी काय?"

सांगितलं, आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत. येतो म्हणायचं. जातो म्हणणारा परत येत नाही.

"भाबडी समजूत," साहेब म्हणाले. आठ पिढ्यांचा प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती माणूस. "त्याला मराठीत काय म्हणता?"

"येतो."

"येटो," म्हणाले, आणि हसले.

६ ऑक्टोबर, शनिवार.

आज ऑफिसात युद्ध. इराकचा संबंध नाही. वॉ. विरुद्ध डग. डग टेक्सासचा, पस्तिशीचा, साइट इंजिनियर, मान बैलासारखी. तोही कॉन्झर्व्हेटिव्ह. एका ओसरीवर दोन सोवळी म्हटल्यावर दुसरं काय होणार?

प्रकरण एक: कर. त्यांच्या अध्यक्षांनी निवडणुकीत कर वाढवणार नाही म्हणून शपथेवर सांगितलं होतं, आता वाढवायला तयार झालेत. इथे दोघांचं एकमत. वॉ. फारच दुखावलेले. "माणसाने शब्द दिला, मतं घेतली." मी म्हणणार होतो की आमच्याकडे यालाच निवडणूक म्हणतात.

प्रकरण दोन: ही फौज. वॉ. म्हणतात, आपला देश पहारेकरी नव्हे. कुवेतचा शेख आपला कोण? बिल नातवंडं भरणार. डगने टेबलावर मूठ मारली. "शेजाऱ्याचं घर एका गुंडाने बळकावलं आणि कुणी हात उचलला नाही, तर उद्या राखायला घर तरी उरेल का, वॉल्ट?"

"उचल हात. पण स्वतःचा. माझ्या पोराचा नको."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं, निवाडा करावा म्हणून. मला दोघांचंही पटलं होतं. विचारलं, चहा घेणार?

१६ ऑक्टोबर, मंगळवार.

कुसुमचं पत्र. सुनूचं लग्न ठरलं. मुलगा गडहिंग्लजचा, वीज मंडळात. तारीख १० मार्च. कु. लिहिते: "सोयऱ्यांनी विचारलं, मुलीचे वडील आहेत ना? मी म्हटलं, आहेत, सौदीत. तर ते म्हणाले, म्हणजे आहेत का? बाळदादा म्हणतोय, भावजींना नाही जमलं तर कन्यादान मी करतो. मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुम्ही कळवा."

बाळासाहेब माझे मेहुणे. कुठल्याही रिकाम्या पाटावर बसायला तयार असतात.

माझा करार ३१ डिसेंबरला संपतो. मार्चपर्यंत तर मी घरी कंटाळलेलाही असेन. तसं कळवलं.

२५ ऑक्टोबर, गुरुवार. सुट्टी.

आपल्याकडे आरक्षणावरून पोरं रस्त्यावर, आणि तिकडे यांच्या अध्यक्षांनी नोकऱ्यांतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा नकार देऊन परत पाठवला. त्यातून मागल्या दाराने कोटा येईल म्हणे. शब्द तोच, कोटा. काल वॉ.नी त्यावर पत्र दिलं: माणसाची किंमत त्याच्या कामावर ठरावी, जन्मावर नव्हे. छान वाक्य. मी एक स्वल्पविराम दिला.

मग त्याच टाइपरायटरवर पगारपत्रक केलं. अमेरिकन इंजिनियर, ब्रिटिश इंजिनियर, हिंदी इंजिनियर. काम एक, रकमा तीन. पासपोर्टच्या रंगावर पगार ठरला की त्याला मार्केट म्हणतात.

१३ नोव्हेंबर, मंगळवार.

सालेहचं दुकान बंद. यमनच्या सरकारने चुकीच्या बाजूने तोंड उघडलं, म्हणून इथल्या यमन्यांची सवलत गेली. आता कफील आणा, म्हणजे जामीन राहणारा इथला मालक, नाहीतर देश सोडा. सालेह इथे तीस वर्षं. सामान टॅक्सीच्या टपावर बांधताना भेटला. मला म्हणाला, "सादिक," म्हणजे दोस्ता, "आता लबन कोण ठेवणार?" त्याला माझी काळजी!

त्याच दिवशी ऑफिसात कंपनीच्या सौदी मालकाचं फर्मान. लढाई होईल न होईल, परिस्थिती निवळेपर्यंत कुणाची रजा नाही, कुणाचा शेवटचा एक्झिट, म्हणजे कायमचं घरी जायचा परवाना, नाही, करार संपला असला तरी. फर्मान मीच टाइप केलं. स्पेलिंगची एकही चूक नाही.

ज्याला राहायचंय त्याला घालवतात, ज्याला जायचंय त्याला धरून ठेवतात. आमचे पासपोर्ट वॉ.च्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात. चावी त्यांच्या खिशात, टॉमीच्या फोटोशेजारी.

१४ नोव्हेंबर, बुधवार.

अर्ज घेऊन गेलो. लग्न, तारीख, सगळं लिहिलं होतं.

वॉ.नी चष्मा काढला. "माझ्या हातात नाही, डेझ. मालकाचा हुकूम."

"कपाट तुमच्या हातात आहे, सर."

"एकाला दिला तर उद्या चाळीस जण दारात उभे राहतील. कँपातले एसी कोण बघणार? नियम आहे. मला आवडत नाही, पण नियम म्हणजे नियम."

म्हणालो, "सर, तुमच्या पत्रात असतं की माणसाला कुठे जायचं हे सरकारने सांगू नये."

"हे सरकार नाही. ही खाजगी कंपनी आहे."

इतकं चोख उत्तर. नमस्कार करावासा वाटला.

सावंत म्हणाले, "तुमचो गोरो बरो मानूस आसा. पन चावी त्येच्याच खिशात."

९ डिसेंबर, रविवार.

टॉमीचा करार संपत होता. फौजेने हुकूम काढला: कुणाला सोडायचं नाही, मुदत संपली असली तरी. वॉ. दिवसभर केबिनचं दार लावून बसले. डगने दारावर टकटक करून काहीतरी समजावलं, "लढाईच्या तोंडावर कुणी ड्रायव्हर सोडतं का, वॉल्ट?"

कु.चं पत्र. हॉल घेतला. आचारी ठरला. पत्रिकेत निमंत्रक म्हणून माझंच नाव घातलंय. "बाकी तुम्ही आणि तुमचा देव."

तिला कळवलेलं नाही अजून. लिहायला बसतो आणि

२ जानेवारी १९९१, बुधवार.

परवा माझा करार संपला. आज कामावर हजर. फरक काही जाणवला नाही. एसी तेवढाच थंड.

जेवणाच्या सुट्टीत पैज लागली. मी म्हणालो, लढाई करायची तर अध्यक्ष करतील, कुणाला विचारणार नाहीत. कुठला राजा विचारतो? वॉ. ताडकन उठले. "आम्ही राजा ठेवला नाही. लढाईचा अधिकार एकट्या माणसाला द्यायचा नाही, म्हणूनच घटनेत तो काँग्रेसला दिलाय. एकट्याला दुसऱ्यांची पोरं पाठवता आली तर तो पाठवतो. कोणीही असला तरी. आपल्या पक्षाचा असला तर जास्तच. तो विचारील. विचारावंच लागेल."

या माणसावर कितीही रागावलो तरी असं काही बोलतो आणि मी बघत राहतो.

पैज: हरला त्याने तांब्याभर ताक. साहेब हरले तर लबन शोधून आणायचं आणि ताक स्वतः घुसळायचं. डग साक्षीला.

१३ जानेवारी, रविवार.

हरलो. अध्यक्षांनी विचारलं, काँग्रेसने हो म्हटलं. वरच्या सभागृहात अगदी थोड्या मतांनी.

सावंतांना सांगितलं, काँग्रेसने लढाईच्या बाजूने मत दिलं. ते दाढी करत होते, वस्तरा थांबला. "काँग्रेस? हय पन? मगे शिक्को हातार मारूचो?" त्यांच्या मते काँग्रेस जगात एकच आणि तिचं चिन्ह हात. समजावलं, ही वेगळी. "वेगळी कशी? शेवटाक हो म्हनताच मां."

ऑफिसात वॉ.च्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसेना. "विचारलं त्याने," म्हणाले. "नियमाप्रमाणे झालं. मी हेच मागत होतो." खुर्चीत टेकले. "हेच मागत होतो मी, डेझ."

ताक देणं लागतो. पण सगळ्या खोबरात लबन नाही. सालेहच्या दुकानाला कुलूप, बाकीच्यांच्या फडताळात फक्त चिकटपट्टी आणि मेणबत्त्या.

२१ जानेवारी, सोमवार.

लढाई लागून काही दिवस झाले. क्षेपणास्त्रं येतात, भोंगा होतो, आम्ही खिडक्यांना चिकटपट्टी लावलेल्या खोलीत बसतो. सावंत रामरक्षा म्हणतात. मी ऐकतो. काहीतरी म्हणणारा माणूस शेजारी असलेला बरा.

गॅसचे मुखवटे आले, पण आधी अमेरिकन आणि ब्रिटिश स्टाफला. आमचे "मागाहून". मी डगला विचारलं. त्याने मला तत्त्व सांगितलं. वाटपाची सवय वाईट, माणूस परावलंबी होतो, प्रत्येकाने आपली सोय आपण करावी. त्याचा मुखवटा वाटपातलाच, कमरेला लटकत होता.

"पण गॅस सोडणारं सरकारच आहे ना?" मी म्हणालो. "तोही ज्याने त्याने स्वतःचा आणला असता तर बरं झालं असतं."

डग लाल झाला, मग खो खो हसला. खरं तर वाईट माणूस नाही. संध्याकाळी स्वतःची गाडी काढून दम्मामला गेला, आमच्यासाठी खोकं घेऊन आला. मालकाशी भांडून आणलं म्हणे. तत्त्वाबद्दल पुन्हा बोलला नाही. मीही नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

आज लिहायचं आहे ते नीट लिहितो.

सकाळी वॉ.नी बोलावलं. डिक्टेशन. संपादकांस. पाठ माझ्याकडे, तोंड खिडकीकडे. मजकूर असा: माझा मुलगा देशाची सेवा करायला स्वेच्छेने गेला. त्याने करार केला आणि पाळला. करार दोन बाजूंचा असतो. मुदत संपल्यावर माणसाला धरून ठेवण्याचा हक्क कुणालाही नाही, कारण कितीही चांगलं असलं तरी. मुदत संपलेला माणूस मोकळा माणूस असतो, आणि मोकळ्या माणसाला घरी जायला परवानगी मागावी लागू नये.

मी टाइप करत होतो. "परवानगी" या शब्दाशी बोटं थांबली. वॉ.ना ते कळलं नाही. यंत्राचा आवाज थांबला हेही कळलं नाही. ते विमानांकडे बघत होते.

पुढचं टाइप केलं. सही घेतली. मग जागेवर येऊन त्या पत्राची दुसरी प्रत काढली, तिला माझा नोव्हेंबरातला अर्ज टाचला आणि संध्याकाळच्या सह्यांच्या फाइलीत घातला. वर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं त्यांनीच सगळं लिहिलं होतं.

"येतो" म्हणून निघालो. "येटो," आतून. सवयीने.

६ फेब्रुवारी, बुधवार.

वॉ.नी बोलावलं. दोन्ही कागद पुढ्यात.

"डग म्हणेल ही गोष्ट वेगळी आहे."

"आणि तुम्ही, सर?"

"मीही तेच म्हणालो असतो." कागद उलटे ठेवले. "काल रात्रभर म्हणत होतो."

मग कामाचं बोलले. शेवटचा एक्झिट हवा तर मालकाची सही लागते, तो देणार नाही. रजेचा व्हिसा, म्हणजे जाऊन परत यायचा, कंपनीच्या शिक्क्यावर निघतो. शिक्का यांच्याकडे. पण मालकाच्या हुकमाविरुद्ध शिक्का मारणं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. यांचा स्वतःचा पासपोर्टही मालकाच्याच तिजोरीत आहे, हे मला आज कळलं. सहा वर्षांत सुचलंच नव्हतं विचारायचं.

"लग्न कधी?"

"दहा मार्च."

"बघतो," म्हणाले. या "बघतो"ला इंग्रजीतही काही अर्थ नसतो.

१८ फेब्रुवारी, सोमवार.

काही हालचाल नाही. कु.ला अखेर खरं कळवलं. बाळासाहेबांना पाट द्या, म्हटलं. लिहून झाल्यावर पाकीट चिकटवायला फार वेळ लागला.

वॉ. दुपारी माझ्या टेबलाशी आले. सहसा येत नाहीत. टॉमी काल खोबरमधून गेला, ट्रक घेऊन. फाटकाशी थोडा वेळ भेट. त्यांच्या ट्रकवाल्यांना मधूनच रात्रीपुरतं इथल्या बराकीत उतरवतात, कुठली रात्र ते सांगत नाहीत.

"निघताना तो म्हणाला, चला, जातो डॅड." पेपरवेट माझ्या टेबलावरचा, तोच फिरवत होते. "मी म्हटलं, तसं नाही म्हणायचं. त्याला काही कळेना. मी म्हटलं, म्हण, येटो. सगळे मित्र ट्रकमधून बघताहेत. तो लाजला."

"म्हणाला का?"

"नाही. हसला. हात हलवला." पेपरवेट ठेवला. "भाबडी समजूत आहे ना ही, डेझ?"

"हो सर," मी म्हणालो. "अगदीच भाबडी."

२४ फेब्रुवारी, रविवार.

जमिनीवरची लढाई सुरू. रेडिओ सांगतो, सगळं ठरल्याप्रमाणे. डग नाचतोय. वॉ. तीन वाजता माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्या मंदूबला माझ्याकडे पाठव." मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा कंपनीचा माणूस. कपाट उघडल्याचा आवाज आला. ते दार कुरकुरतं. काय काढलं ते दिसलं नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार.

काल संध्याकाळी इथेच, खोबरमध्ये. अमेरिकन सैनिकांची बराक. गोदामाचीच केलेली. क्षेपणास्त्र थेट तिच्यावर. आमच्या खोलीच्या खिडकीची चिकटपट्टी सुटली. सावंत रामरक्षेत अडखळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

सकाळी वॉ.ची केबिन उघडी, दिवा चालू, खुर्ची रिकामी. डग म्हणाला, आवाज झाला तसे निघाले ते बराकीच्या फाटकावर, मग इस्पितळात, मग दुसऱ्या इस्पितळात. टॉमी काल त्या बराकीत होता की नव्हता, कुणी सांगत नाही. नावं आधी तिकडे घरी कळवणार. इकडे बाप दारात उभा असला तरी त्याला सांगायचं नाही. नियम आहे.

डग हे बोलला आणि भिंतीकडे बघत राहिला. मी चहा करून दिला. आज दुसरं काही सुचलं नाही.

२७ फेब्रुवारी, बुधवार.

टाइपरायटरवर झाकण होतं, झाकणावर माझा पासपोर्ट. व्हिसा: जाऊन परत येण्याचा. कंपनीचा शिक्का, वॉ.ची सही, थोडी वाकडी.

डग शेजारी उभा होता. त्यानेच ठेवला. "वॉल्टने दिलाय. पहाटे येऊन गेला, तसाच परत गेला."

"काही कळलं?"

"नाही." घसा साफ केला. "मालकाला कळलं तर वॉल्टची नोकरी जाईल, मी वॉल्टला तसं बोललोही. तर म्हणतो, ही कंपनी खाजगी आहे, मला काढायचा तिला हक्क आहे." मग म्हणाला, "तुझ्यासाठी निरोप आहे. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. निघताना एक शब्द म्हणायचा, दुसरा नाही म्हणायचा. येटो. ही काय सांकेतिक भाषा आहे का तुमची?"

म्हटलं, हो.

इथला विमानतळ बंद. दुपारी बस जेद्दाला, तिथल्या शराफिया वस्तीत सावंतांचा गाववाला आहे, तो तिकिटाचं बघतो म्हणालाय. मिळालं तर पोचेन. कु.ला तार केली. बाळासाहेबांनी पाट धुवून ठेवला असेल, वाईट वाटेल त्यांना.

सावंत बॅग बांधायला मदत करत होते. म्हणाले, "कायमचो नाय मां शिक्को?" नाही म्हटलं. "मगे ठीक." यांना सगळीकडेच कुणीतरी जोडीदार लागतो रामरक्षा ऐकायला. त्यांचा अर्ज अजून फाइलीतच आहे. चाळिसांपैकी एक गेला, एकोणचाळीस राहिले, असं ते बोलले नाहीत.

बसला वेळ होता. बाजाराकडे चक्कर टाकली. दुधाची गाडी आज आली होती, हुफूफची, रस्ता मोकळा झालाय. खोकी अजून फुटपाथवरच. दोन बाटल्या घेतल्या.

ऑफिसच्या चहाच्या खोलीत घुसळलं. जिरं होतं, आलं संपलेलं. तांब्या नाही, म्हणून काचेच्या जगमध्ये ओतलं, वर बशी ठेवली आणि वॉ.च्या केबिनमधल्या छोट्या फ्रिजमध्ये, पुढच्या बाजूला, दार उघडताच दिसेल असं ठेवलं. चिठ्ठी लिहिली नाही. पैज त्यांना आठवत असेल. नसली तरी पोटाला बरं.

कपाटाला चावी तशीच लागलेली होती. टेबलावर पेपरवेट, त्याखाली काही नाही. फोन एकदा वाजला, मी उचलेपर्यंत बंद झाला. थोडा वेळ तिथेच थांबलो, पुन्हा वाजतो का बघायला.

बाहेरून सावंतांनी हाक मारली. दिवा चालू होता तो तसाच ठेवला. दारात थांबून रिकाम्या खुर्चीला म्हणालो, मोठ्याने, दोनदा, येतो.

एकदा माझ्यासाठी. एकदा त्या पोरासाठी.